टँकरसमोरचा कॅमेरा

आमच्या शेजारी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचा कारकून राहायचा. त्या दुष्काळात ऊसच नव्हता, त्यामुळे कारखाना बंद पडलेला, आणि ह्या गृहस्थाने बायकोला कोकणात नेऊन समुद्र दाखवायचं ठरवलं. गेवराईत फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या मेव्हण्याकडून त्याने कॅमेरा आणि दोन लेन्स आणल्या. त्यातली कुठली न्यायची हे ठरेना, म्हणून दिवसभर सराव चालायचा. आमची म्हैस सुटली नाही, की अंगणात दाढी करणारा मी सुटलो नाही. "हालू नका, गुरुजी," असा वर दम. रोल मात्र समुद्रासाठी राखून ठेवलेला, कॅमेरा रिकामाच.

एके सकाळी त्याने लांबचं दिसणारी लेन्स पाण्याच्या टँकरवर रोखली. रोज अर्धं पाणी वाटून निघून जाणाऱ्या ड्रायव्हरला वाटलं, पेपरवाला आला. त्याने घाईघाईने शर्टाची बटणं लावली आणि रांगेतल्या शेवटच्या म्हातारीची घागरसुद्धा काठोकाठ भरून दिली. तेव्हापासून टँकर आला की बायका आधी ह्यालाच हाका मारायच्या.

निघायच्या दिवशी त्याने कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला. "टँकर आला की नुसता डोळ्याला लावून हुबं ऱ्हावा."

"अन् समुद्राचे फोटो?"

"समुद्र काय, पुढच्या साली बी तिथंच हाय. टँकरचं सांगता येत न्हाई."

जीपमध्ये चढता चढता त्याची बायको मला म्हणाली, "लई बरं झालं, गुरुजी. आता समुद्राकडं दोन्ही डोळ्यांनी तरी बघतील."