बोटीवरची दिवेलागण

अमेरिकेत पार्सिपनीला राहणाऱ्या आमच्या काकांच्या तोंडून ‘बहुतेक’ हा शब्द मी कधी ऐकला नाही. रिटायर झाल्यावर त्यांनी जुनी शिडाची बोट घेतली, ती खाडीत नांगरली आणि तिच्या कठड्याला ओळीने सोलर दिवे बांधले. बागेत मातीत खोचतात, तेच.

“काका, हे फुलझाडांसाठी असतात,” मी म्हणालो.

“फुलझाडांना काय करायचेत दिवे? बॅटरी खात नाहीत, आपोआप लागतात. बास.”

एका शनिवारी सामान घेऊन आम्ही किनाऱ्यावरून छोट्या होडीने बोटीकडे परत निघालो. वाटेतच अंधारून आलं. समोर कितीतरी बोटी, सगळ्या पांढऱ्या, सगळ्यांच्या डोलकाठीवर उंच एकेक दिवा. वल्ही माझ्या हातात होती आणि आपली बोट कुठली तेच कळेना.

“परत फिरूया का?” मी विचारलं.

“कशाला? दिवेलागण होऊ दे.”

आणि खरंच, डावीकडे पाण्यालगत पिवळसर दिवे एकामागून एक लागले. कुणी पाण्यात बागेची पायवाट आखावी तसे. मी जोरात वल्ही मारायला लागलो, तर काका म्हणाले, “थांब.” त्यांनी पायातले बूट काढले, डोळे मिटले आणि दिव्यांना हात जोडले. ओहोटी होडीला दिव्यांपासून दूर ओढत होती.

“काका, आपण वाहत चाललोय.”

“वाहू दे थोडं,” ते डोळे न उघडता म्हणाले. “घर दिसलंय ना आता?”

मी वल्ही सोडली आणि हात जोडले.