शालनबाई आणि चवीची वही

शालनबाई ताट घेऊन आल्या की मला परीक्षेला बसल्यासारखं व्हायचं. शाळेत शिजलेली खिचडी पोरांना वाढण्याआधी एका गुरुजीनं खायची, चव कशी आहे ते वहीत लिहायचं आणि खाली सही करायची, असा नियम. आमच्या वाडीच्या शाळेत शिक्षक दोनच. मुख्याध्यापक पथ्याचे, त्यामुळं चवीची वही माझ्या गळ्यात. ही वही आठवड्यातून एकदा, सगळे दिवस एका बैठकीत, भरायची कला मी आधीच्या गावात शिकून आलो होतो. शालनबाईंपुढं ती चालली नाही. हातात डाव धरून त्या दारात उभ्या राहायच्या आणि मी घास गिळेपर्यंत हलायच्या नाहीत.

“कसं झालंय?”

“उत्तम.”

“मग लिवा तसं.”

त्यांना वाचता येत नव्हतं, पण माझा ‘उत्तम’ त्या आकारावरून ओळखायच्या. एकदा मी घाईत नुसतं ‘बरी’ लिहिलं, तर वही पुन्हा माझ्यापुढं सरकवून म्हणाल्या, “सर, आज शब्द आखूड झालाय. काय कमी पडलं?”

अंगानं काटक, आवाज मात्र शाळेच्या घंटेला लाजवील असा. नवऱ्याबरोबर पंधरा हंगाम त्यांनी ऊस तोडला होता. नवरा गेल्यावर कोयता माळ्यावर टाकला आणि नेकनूरच्या बाजारातून येताना एका मैत्रिणीला सांगितलं, आता मेले तरी फडात पाय ठेवणार न्हाई. तेव्हापासून त्या शाळेच्या चुलीपाशी. लेक गावातच दिलेली, ती जावयाबरोबर ऊस तोडायला जायची. तिची मुलगी कोमल आमच्याच शाळेत, सातवीत. दिवाळीच्या पुढंमागं आईबाप टोळीबरोबर कारखान्यावर गेले, की गावात मागं राहिलेल्या पोरांना सकाळ-संध्याकाळ शाळेत जेवायला मिळायचं. त्या दोन जेवणांच्या भरवशावर बिऱ्हाडं पोरांना मागं ठेवायची. नाहीतर पोर ट्रकात. शालनबाई म्हणायच्या, “उपाशी लेकराला फळा बी भाकरीवानी दिसतोय. आदी पोट, मग पाडे.”

मग ती महामारी आली आणि सगळ्या शाळांबरोबर आमच्याही शाळेला कुलूप लागलं.

त्या काळात मी गावात भलताच मोठा माणूस झालो होतो. देवळावरच्या भोंग्यातून रोज सकाळी मी विलगीकरणावर बोलायचो. “बाहेरगावाहून आलेल्यानं चौदा दिवस वेगळं राहावं! नात्यागोत्याचा मोह टाळावा!” स्वतःचाच आवाज मला इतका आवडायला लागला होता, की चार ओळींची सूचना वीस मिनिटं चालायची. शालनबाई ऐकायच्या आणि म्हणायच्या, “सर, भोंग्याला तोंड असतंय, कान नसतेत. तुमी बी येकदा ऐका.”

टोळ्या निघायचे दिवस जवळ आले आणि गावात वाद पेटला. वरून शाळा बंदच होती, पण पटांगणात लांब लांब बसवून शिकवलं आणि पोरांना जेवू घातलं तर? पारावर बैठक बसली. तोंडाला रुमाल, उपरणी, पदर; बोलायला उठला की माणूस आधी रुमाल खाली ओढायचा. मोठ्या वाड्यातले भाऊसाहेब विरोधात. “शाळा वरीसभर न्हाई भरली तर काय आभाळ कोसळतंय का? माझी माय ऐंशीची हाय. उद्या एखाद्या लेकरानं आणलं घरात, तर मी कुनाकडं बगू?” माणूस खोटं बोलत नव्हता. त्यांची आई खरोखर अंथरुणाला खिळलेली होती.

शालनबाई बायकांतून उठल्या. “भाऊसायब, तुमच्या मायचं मला बी वाटतंय. पर तुमच्या लेकराला मोबाईल हाय, आमच्या लेकराला फड हाय. आजार गावात बी येतोय आन् फडात बी येतोय. शाळा तेवडी फडात येत न्हाई.”

“आन् कुनाला झालं तर?”

“तर मी सोता तुमच्या दारात येऊन सांगीन आन् शाळेला कुलूप लावीन. मग ते माझं लेकरू असू द्या, न्हाईतर हे सर असू द्या.”

‘हे सर’ म्हणताना त्यांनी माझ्याकडं बोट केलं. सगळा पार हसला. मीही हसलो, मला काय माहीत!

कडुनिंबाखाली अकरा पोरं बसायला लागली, दोघांत तीन हात अंतर. आठ दिवस झकास गेले. नवव्या दिवशी गेवराईला माझ्या साडूची वास्तुशांत होती. नात्यागोत्याचा मोह टाळावा, हे वाक्य माझंच. पण साडूचं घर दुमजली होतं आणि जिलबी माझ्या आवडीची. मोटारसायकलवर गुपचूप गेलो, चिकटून बसलेल्या पंगतीत जेवलो आणि गुपचूप परत आलो. कुणाला सांगितलं नाही. चौदा दिवस सोडा, चौदा तासांत पटांगणात हजर.

चार-पाच दिवसांनी शालनबाई ताट घेऊन आल्या. मी खाल्लं, ‘उत्तम’ लिहिलं, वर आणखी एक डाव मागून घेतला. त्या खूश होऊन वाढायला गेल्या. पहिल्याच घासाला पोरांनी तोंडं वाकडी केली आणि कोमल ओरडली, “आज्जे, नुसतं मीठ हाय गं!” झालं होतं असं, की त्या दिवशी लेक हाताखाली आली होती आणि मायलेकींनी आपापलं मीठ घातलं होतं.

शालनबाई पोरांना तसंच बसवून माझ्याकडं आल्या. लांब उभ्या राहिल्या.

“सर, तुमी दोनदा घेतली?”

“मस्त झालीय की.”

त्यांनी पदराआडून ठेचलेला लसूण काढला, ओसरीच्या कडेला ठेवला आणि मागं सरकल्या. “हे हुंगा.”

मी हुंगलं. लसणाऐवजी खडू असता तरी मला कळलं नसतं.

“कुठं गेलता?”

सांगावं लागलं. जिलबीसकट सांगितलं. नंतर जे बोललो त्याची लाज मला अजून वाटते. म्हणालो, “शालनबाई, कुणाला कळू देऊ नका. चार दिवसांत ट्रक येणार. आत्ता शाळा बंद झाली तर कोमलचा बाप तिला घेऊन जाईल. मी आजारपणाची रजा टाकतो, पोट बिघडलं म्हणतो.” मी कोमलचं नाव पुढं केलं, पण मला भीती होती ती भोंग्यावर रोज ओरडलेल्या माझ्या तोंडाची.

त्यांनी कडुनिंबाखाली बसलेल्या कोमलकडं पाहिलं.

“सर, मला बी तसंच वाटायलंय,” त्या म्हणाल्या. “म्हनूनच आता लगेच जाते. संध्याकाळपातूर थांबले तर जीभ फिरंल माझी.”

पोरांना त्यांनी घरी धाडलं, फाटकाला कुलूप लावलं आणि भाऊसाहेबांच्या दारापुढं रस्त्यातच उभं राहून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं.

केजला माझी तपासणी झाली. व्हायचं तेच निघालं. घरमालकाच्या घरात म्हातारी माणसं, म्हणून माझी रवानगी सातवीच्या वर्गात. आरोग्यसेविकेनं सगळी पोरं तपासली, कुणाला काही नव्हतं. शालनबाईंनाही नव्हतं. तरी त्या शाळेच्या स्वयंपाकखोलीत वेगळ्या राहिल्या. रोज माझं उष्टं ताट त्याच उचलत होत्या ना. मी ओरडून म्हणालो, “तुम्ही जा की घरी!” पटांगणाच्या त्या टोकावरून उत्तर आलं, “चौदा म्हंजी चौदा! भोंग्यावर कोन वरडत होतं?”

भाऊसाहेब फाटकाबाहेरून मला शिव्या देऊन गेले. ‘बे’ लावून दिल्या, आणि मी सगळ्या घेतल्या. जाताना त्यांनी गड्याला सांगून शालनबाईंसाठी दुधाची चरवी ठेवली.

ट्रक आला तो सकाळी, शाळेच्या फाटकासमोरच उभा राहिला. भांडी, शेळ्या, पत्रे चढत होते. शालनबाई स्वयंपाकखोलीच्या उंबऱ्यात. रुक्मिण नावाची एक बाई फाटकापाशी आली आणि ओरडली, “मावशे, माझी दोगं ठिवून चाललेय बग! पंधरा दिवस सासूपाशी ऱ्हातेल, मग तुज्यापाशी.”

“शाळा बंद हाय गं!”

“असू दे. तू सांगतीस तरी. दुसऱ्यानं झाकलं असतं.”

तिच्यामागून आणखी पाच-सहा जणी तेच बोलून गेल्या. अकरांतली आठ पोरं गावात राहिली. नववी म्हणून कोमल राहणार अशी माझी खात्री होती, पण तिचा बाप, शालनबाईंचा जावई बाप्पा, तोंड फिरवून उभा होता. “दुसऱ्याच्या दारात जाऊन सांगायच्या आदी मला तरी सांगायचं, मामी,” तो म्हणाला. “शाळा न्हाई तर पोरगी हितं काय करल? धाकट्याला बगायला मला मानूस पायजे.” कोमल भांड्यांच्या पोत्यावर बसली होती, दप्तर मांडीवर. शालनबाई उंबऱ्याच्या बाहेर आल्या नाहीत. ट्रक वळणाआड गेला तेव्हा त्या आत गेल्या. सातवीच्या वर्गात मी सातवीचं पुस्तक उघडून बसलो होतो आणि मला एक ओळ वाचता येत नव्हती.

पंधराव्या दिवशी त्या बाहेर आल्या, आंघोळ करून, पिशवी भरून. कोठीची किल्ली माझ्यापुढं ठेवली. “रुक्मिनच्या सासूला फाटकातून शिकवलंय सगळं. मीठ तिलाच घालू द्या.”

“निघालात कुठं?”

“फडावर. कोमलला धाडून देते.”

“अहो, पण फडात पाय ठेवणार नाही म्हणाला होतात ना...”

“म्हनले व्हते. धाकटं लेकरू मी बी सांभाळू शकते सर. कोमलची सातवी मला करता येत न्हाई.”

मी त्यांना मोटारसायकलवर केजच्या स्टँडला सोडलं. वाटेत माफी मागायचा प्रयत्न केला. वाऱ्यात ऐकू आलं नाही असं त्यांनी दाखवलं. एसटीत चढताना मात्र वळून म्हणाल्या, “तुमी मानूस वाईट न्हाई. जिलबी वाईट.”

चौथ्या दिवशी कोमल जीपमधून उतरली, दप्तरासकट. ती रुक्मिणच्या सासूकडं राहिली; चौदा दिवस तिनं इतरांपासून अंतर ठेवलं, दिवस मी मोजले. पुढं पटांगण पुन्हा भरलं.

हंगाम संपल्यावर माझी बदली झाली; तोवर शालनबाईंशी माझी रोजची गाठ होती ती फोनवरचीच. रोज दिवेलागणीला जावयाच्या मोबाईलवरून फोन यायचा. “शाळा भरली का?” एवढंच विचारायच्या. मी हो म्हणायचो. उन्हं तापायला लागली तसं पुन्हा कुलपाचा आदेश आला. त्या संध्याकाळी फोन वाजला तेव्हा, शपथेवर सांगतो, ‘हो’ ओठांवर आला होता. एवढ्या लांब त्यांना कशाला घोर!

“बंद झाली, शालनबाई,” मी म्हणालो. “आजपासून.”

पलीकडून फडातला गलका ऐकू येत होता. भांडी, माणसं, कुठंतरी ट्रॅक्टर.

“बरं. आजाराला मान द्या,” त्या म्हणाल्या. “पर कुलूप दाराला लागलंय, तुमाला न्हाई. लेकरायच्या ओट्यावर जावा. लांबून शिकवा. आन् कोमल कुठंय? तिला द्या.”

कोमल माझ्यापासून तीन हातांवर, रुक्मिणच्या सासूच्या ओट्यावर पुस्तक घेऊन बसली होती. मी फोन दगडावर ठेवला, आवाज मोठा केला आणि मागं सरलो. “आज्जे, कोणता धडा?” “कोनता बी. मोट्यानं वाच.” ती वाचायला लागली. पलीकडं गलका चालूच होता. तेवढ्यात त्या गलक्यावर एक पुरुषी आवाज चढला. तो बाप्पाचा होता.

“गप बसा बे सगळे! पोरगी वाचायली.”