तिसरा पुकारा

धाराशिवच्या कोर्टात नावं पुकारणारा शिपाई लई शिस्तीचा. तंबाखू थुंकायची, एकच चूळ भरायची, मग तीनदा पुकारायचं. त्याचं नाव मी कधी विचारलं न्हाय.

बायकोनं म्हैस विकून एकाला पैसे उसने दिले. प्रॉमिसरी नोट तिच्याच नावची. ती गेली, वारस म्हणून दावा मी चालवतो. तिचं नाव मोठ्यानं घेणारा आता तो शिपाईच.

परवा येरमाळ्याची एसटी उशिरा आली. तिसऱ्या पुकाऱ्याला हजर नसलं की दावा काढून टाकतात. जिन्यातच दुसरा पुकारा ऐकला. वर पाहिलं, तर हा पुन्हा चूळ भरीत उभा. मी दारात पोचलो, तेव्हाच त्यानं तिसऱ्यांदा पुकारलं.

हजेरी देऊन बाहेर आलो, जीव भांड्यात पडला. तो म्हणला, "बाबा, पुढल्या तारखेला आदल्या गाडीनं या. मला पाणी किती पुरंल?"