भेगा पाडणारा गवंडी

कंपनीने मला कामासाठी तीन आठवडे आखातातल्या अल ऐनच्या एका हॉटेलात ठेवलं होतं. आमच्या घरात हॉटेलात राहिलेला मी पहिलाच. हॉटेल नवीनच, पण स्पॅनिश पाद्र्यांच्या जुन्या मठासारखं बांधलेलं. घंटेचा मनोरा, कमानी, जाड भिंती आणि भिंतींना भेगा.

भेगा पाडायला कोकणातला एक गवंडी पगारावर होता. तो आधी गुळगुळीत गिलावा करायचा, मग नकाशा बघून फोडायचा. फोडताना मान वळवायचा.

"गावात असं काम केलं असतं तर दारात कोणी उभं केलं नसतं," तो मला म्हणायचा.

एका सकाळी माझ्या पलंगामागे भेग दिसली. मी गवंड्याला बोलावलं. त्याने तिच्यात नख घातलं.

"इंजिनेर, ही माझी नाय. सामान उचला."

हे ऐकून हॉटेलचा मॅनेजर धावत आला आणि त्याच्यावर हिंदीत ओरडला, "गेस्ट को यही पसंद है! रूम चालू रहेगा. ज्यादा बोला तो कल गाँव भेज दूँगा."

"इन्शाल्ला," गवंडी म्हणाला.

मॅनेजर त्याचे कागद काढायला ऑफिसात गेला. परतला तेव्हा माझं सामान बाहेर होतं आणि खोलीच्या दारात विटांचे चार थर चढले होते, ओळंबा लावून, अगदी सरळ. विटा मी देत होतो.