ठाण्याच्या जीपमधून

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही — आईला नाही, नवऱ्याला नाही. आज मात्र सांगून टाकते. ज्या मानवी हक्क आयोगात मी काम करते, त्याला चौकशीसाठी स्वतःची गाडी आणि डिझेलचा वेगळा निधी मंजूर झाला! किती वर्षं भांडले मी त्यासाठी. ऑफिसात पेढे वाटले, सगळे म्हणाले, मॅडम, हे तुमच्यामुळे. मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला.

प्रत्येक सभेत मी एकच गोष्ट सांगायचे. छत्तीसगडात, भिलाईच्या बाजूला, नंदिनी नगरजवळच्या गावातली सुकवारो. तिच्या मुलाला पोलीस ठाण्यात मारलं होतं. आयोगात येऊन तिनं सगळं सांगितलं — कोणी मारलं, कशानं मारलं. चौकशी माझ्याकडे आली, नोकरीतली पहिलीच. आयोगाकडे गाडी नव्हती, म्हणून त्याच ठाण्याच्या जीपमधून जावं लागलं. आणि मला त्या जीपमधून उतरताना पाहून बाई गप्प झाली. पैसा नसला की असं होतं, असं मी म्हणायचे. टाळ्या पडायच्या.

'जावं लागलं' — हे खोटं आहे.

बस होती ना! भाडं पर्समध्ये होतं. आयोगातल्या साहेबांनीही बजावलं होतं, ठाण्याची गाडी घेऊ नका. पण सकाळी ठाण्यातून फोन आला, गाडी पाठवू का, आणि मी — काय सांगू तुम्हाला — नुसती हरखले. भिलाईच्या कॅम्प वन या कामगार वस्तीत दोन खोल्यांत वाढलेली पोर मी. जीप गल्लीत शिरली तशा बाया दारात आल्या. बाबा स्टील प्लांटमधून नाइट शिफ्ट करून आलेले, तसेच उभे राहिले आणि शेजाऱ्याला म्हणाले, "पाहून राहिले ना? माही पोरगी चालली." बाजारातून जीप हळू घ्यायला सांगितली मी ड्रायव्हरला. कुणाला दिसावं म्हणून? सगळ्यांनाच. वाटेत सुकवारो एकदा तरी आठवली का? नाही.

ती अंगणात बसली होती. शेजारी मुलगा, हात गळ्यात बांधलेला. तिनं जीपकडे पाहिलं, माझ्यामागून जीपमधून उतरलेल्या हवालदाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि खाली बघत म्हणाली, "कुछु नइ होय हे, मैडम. टुरा गिर गे रिहिस." काही झालं नाही, पोरगा पडला होता.

हवालदाराला दूर पाठवता आलं असतं. दुसऱ्या दिवशी एकटीला बसनं परत जाता आलं असतं. गेले नाही — पहिली चौकशी झटपट उरकल्याचं कौतुक हवं होतं, आणि ते मिळालंही. तक्रारीत तथ्य नाही, असं मी लिहिलं. मारणाऱ्याला कोणी काही विचारलं नाही. मुलाचा हात वाकडाच राहिला, हे मला पुढे कळलं.

आयोगाकडे तेव्हा पैसा नव्हता, हे खरं. तिला गप्प मी केलं.