गोष्ट ऐकताना दाणे खायचे नाहीत

माझ्या पुस्तकांबद्दल आजवर पुष्कळ लोकांनी पुष्कळ काही लिहिलं. काहींनी डोक्यावर घेतलं, काहींनी आपटलं. पण माझ्या गोष्टीवरचं सगळ्यात प्रामाणिक मत मी मिरजगावात एका ओसरीवर ऐकलं आणि ते मत म्हणजे नुसता एक आवाज होता. कुडुम्! दाताखाली शेंगदाणा फुटल्याचा.

ते लढाईचे दिवस होते. नगरच्या मिशनच्या मुलींच्या शाळेत सातवी झालेली मी, लग्न होऊन मिरजगावात आले. नवरा मिशनच्या शाळेत मास्तर, म्हणून मी मास्तरीणबाई. शिकवत काहीच नव्हते. घरात माणसं दोन, काम बेताचं आणि डोक्यात कथालेखिका व्हायचं खूळ मात्र भरपूर. रॉकेल मिळायचं नाही, त्यामुळे दिवेलागणीनंतर लिहिणं बंद. सोलापूरच्या रस्त्यानं लष्करी ट्रक धुरळा उडवत जायचे आणि त्या धुरळ्याकडे बघत मी दुपारभर माझ्या नायिकांना मारत बसायची. हो, मारतच. तेव्हा मासिकांतल्या निम्म्या नायिका शेवटच्या पानावर मरत. कुणी क्षयानं, कुणी बाळंतपणात. जिवंत राहिलेली नायिका संपादकांना जरा उथळ वाटत असावी.

आमच्या भिंतीला लागून एका मळेकरी कुटुंबाचं घर होतं. घरच्या कर्त्या बाईंना सगळं गाव मामी म्हणे, मग मीही म्हणू लागले. वैशाखात त्यांच्या ओसरीवर बियाण्याच्या शेंगा फोडायचं काम निघे. बियाण्याची शेंग बडवून चालत नाही. दाण्याची साल निघाली की तो उगवत नाही. एकेक शेंग अंगठ्यानं टोकाशी दाबून हातानंच फोडावी लागते. त्यासाठी आठ-दहा बायका बसत आणि दरवर्षी मामींचं एकच दुखणं असे. बियाणं पोत्यात कमी आणि बायकांच्या पोटात जास्त जाई.

मामींनी सगळे उपाय करून पाहिले होते. ओव्या म्हणायला लावल्या, तर एक जण ओवी म्हणे आणि बाकीच्या खात. एकदा मुद्दाम एकादशीला काम काढलं, तर शेंगदाणा उपासाला चालतो हे सगळ्यांना एकदम आठवलं.

त्या वर्षी त्यांनी भिंतीवरून माझ्याकडे पाहिलं.

"मास्तरीणबाई, तुमी कायबाय लिवता म्हनं?"

"गोष्टी लिहिते, मामी."

"बायकांची तोंडं उघडी ऱ्हातील, पन हालायची न्हाईत, अशी एखादी हाय का त्यात?"

गोष्ट कशी असावी, हे पुढं कुणी मला इतक्या थोडक्यात सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी मी पदर सावरून, घसा खाकरून, सभेत उभी राहिल्यासारखी सुरू झाले. सीना नदीच्या काठची पहाट, पाण्याला निघालेली एक सासुरवाशीण सून, आकाशातले रंग, पाखरांची किलबिल. पाखरं किलबिलतात न किलबिलतात तोच डावीकडून कुडुम्. मग उजवीकडून. सूर्य वर येईपर्यंत सगळी ओसरी रवंथ करत होती. मामी माझ्याकडे असं बघत होत्या, की जणू मीच पोतं उचलून पळाले आहे.

त्या बायकांत गावची म्हातारी सुईण होती. सगळे तिला आजी म्हणत. तोंडात एक दात नाही, पण दाणा चघळण्यात तिचा हात कुणी धरला नसता. तिची गालफडं थांबली आणि ती म्हणाली, "बाई, सूर्य आमी रोज बघतो. त्या सुनंला सासू काय म्हनली ते सांगा की!"

मी सूर्य तिथेच बुडवला आणि सासूला आणली. ओसरी एकदम गप्प. मग मला चटकच लागली. मी बोलत असे एकीकडे आणि कान दुसरीकडे. नायिका फार सोशिक होती म्हटलं, कुडुम्. तिनं उतरंडीतला गूळ चोरून खाल्ला म्हटलं, शांतता. तिचं मन व्याकूळ झालं, कुडुम्. तिनं नवऱ्याच्या पागोट्यात मुंगळा सोडला, मामींचेसुद्धा हात थांबले. रोज शेंगा संपायच्या जरा आधी मी गोष्टीत कुणाला तरी दार ठोठावायला लावून उठून जाई. दार कोण ठोठावतंय हे मलाही ठाऊक नसे. दुसऱ्या दिवशी बायका जेवण अर्धवट टाकून येत. रविवारी मी उपासनेला जायची, तेव्हा गोष्टीला सुट्टी असे. त्या दिवशी मामी पोत्याचं तोंडच सोडत नसत.

नायिकेला मी नाव ठेवलं नव्हतं. विचारलं तेव्हा सुचेना, तर मामी म्हणाल्या, "नगाच ठिवू. कुनाची तरी नणंद निघंल आन् भांडणं हुतील." म्हणून सगळ्या तिला 'आपली पोर' म्हणत. पुढं या आपल्या पोरीला दिवस गेले. तिनं बाळंतपणात डोळे मिटायचे, नवऱ्यानं तिचं लुगडं उराशी धरून रडायचं, असा शेवट मी मनात बांधून ठेवला होता. मासिकाला पाठवायचीही तीच गोष्ट होती. त्या शेवटावर माझं फार प्रेम होतं. एकटी असताना तो आठवून मी चांगली रडून घेई.

अशात मामींची लेक माहेरी आली.

तिला सातवा महिना होता, पण असं म्हणायचं नाही. आधीची दोन बाळं जगली नव्हती. म्हणून या खेपेला तिनं ठरवलं होतं, की आपल्याला काही झालेलंच नाही. कुणी विचारलं तर पोटात वायगोळा आहे म्हणे. ओटी नको, हिरवं लुगडं नको, बाळासाठी एक टाकासुद्धा घालायचा नाही. सगळं गाव इमानानं हे नाटक वठवत होतं. आजी तर येता-जाता विचारी, "काय गं, कसा हाय वायगोळा? लाथा मारतोय का?" ती खांबाकडे तोंड करून, पोटावर पदर ओढून शेंगा फोडी. एक दाणा तोंडात टाकत नसे. तिला गोष्ट ऐकू येते की नाही, हेही कळत नसे.

एकदा आपल्या पोरीला सातवा लागल्याचं मी सांगितलं, तशी आजी म्हणाली, "मग हिचं डोहाळजेवन कोन करनार? सासू तर ही असली!"

"आपन करू," मामी म्हणाल्या.

मी हसले. कुणीच हसलं नाही. दुसऱ्या दिवशी ओसरीवर पाट मांडला होता, भोवती झेंडूची माळ होती. गोष्टीतल्या बाईचं डोहाळजेवण! माझ्याच डोक्यातल्या बाईला ओवाळायला मिरजगावच्या बायका धुतलेली लुगडी नेसून आल्या होत्या. पाटावर नारळ ठेवायचा की काय, यावर वाद चालला होता. तेवढ्यात मामी कुणाकडेच न बघता म्हणाल्या, "रिकाम्या पाटाची ओटी भरत न्हाईत. कुनीतरी बसा गं तिच्या वतीनं."

सगळ्यांना अचानक आपापल्या कंबरेची दुखणी आठवली. मग मामींची लेक उठली. "बसते मी," ती म्हणाली. "वायगोळ्याला काय, कुटं बी बसलं तरी चालतंय."

तिला हिरवं लुगडं नेसवलं, ते आपल्या पोरीच्या नावानं. ओटी भरली, तीही तिच्याच नावानं. साखर कुठली मिळायला, म्हणून दोन वाट्यांखाली पेढा-बर्फीऐवजी गुळाचा खडा आणि शेंगा झाकल्या. तिनं शेंगांची, म्हणजे मुलीची, वाटी उचलली. मामी तोंडात पदर धरून आत गेल्या आणि चुलीच्या धुराला नावं ठेवत बाहेर आल्या.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर लेकीनं मला गाठलं.

"मास्तरीणबाई, त्या पोरीचं काय हुनार हाय?"

"अजून मला कुठं माहीत आहे?"

"खोटं बोलू नगा. तुमचं ठरलेलं असतंय." तिनं घागर बुडवली. "तिच्या जाग्यावर मी बसलीया. एवढंच सांगायचं हुतं."

संध्याकाळी मी नवऱ्याला म्हटलं, "तिला मारता येणार नाही."

"मग नको मारूस."

"पण मासिकात मेलेल्याच छापतात!"

"ओसरीवर कुठं मासिक आहे?" तो म्हणाला आणि बायबल घेऊन उजेड होता तिथं दारात जाऊन बसला. शिक्षकांची ही खोडच. उत्तर देतात आणि गणित आपल्यावर टाकतात.

शेवटचं पोतं उघडलं त्या दिवशी मी गोड हसून सुरुवात केली. आपल्या पोरीला कळा आल्या, सुईण आली, देवाच्या दयेनं ती सुखरूप सुटली, गोंडस मुलगा झाला.

कुडुम्.

आवाज खांबाकडून आला होता. इतके दिवस एक दाणा न खाल्लेल्या मामींच्या लेकीनं तोंडात दाणा टाकला होता. "असं न्हाई हुत," ती खांबाकडेच बघत म्हणाली.

पोरीला मारावं तर ही समोर ऐकत बसलेली, जगवावं तर हिचा विश्वास नाही. "बरं," मी म्हटलं, "ते मी सासूनं शेजारणीला सांगितलं तसं सांगितलं. खरं काय झालं ते आता सांगते."

आणि मग मी मासिक विसरले. खांबाजवळची पाठमोरी बाई बघत सांगत सुटले. आपल्या पोरीनं एक दुपटं शिवलं नव्हतं, कुणाला शिवू दिलं नव्हतं. कुणी आशेनं बोललं की ती अंगावर धावून जाई. कळा सुरू झाल्या तरी ती घर सारवत राहिली, म्हणाली, मला काही झालेलं नाही. सुईणीनं हाताला धरून आत नेली. तिनं नवऱ्याला, सासूला, देवाला, सगळ्यांना शिव्या दिल्या. मिशनच्या शाळेत न शिकवलेल्या शिव्या माझ्या तोंडून बाहेर पडल्या आणि एकीनंही मला अडवलं नाही. उलट आजीनं एक-दोन पुरवल्या. मग मूल बाहेर आलं. आणि रडलं नाही.

ओसरीवरचे सगळे हात थांबले. दाण्याचा आवाज नाही, टरफलाचा नाही. मामींच्या चिमटीतली शेंग अर्धी दाबलेली तशीच राहिली.

"सुईणीनं उलटं धरलं, पाठीवर चापट मारली," मी म्हणाले. "रडलं नाही. पुन्हा मारली. तरी रडलं नाही."

"मग?" आजीनं विचारलं.

मग काय, हे मलाच ठाऊक नव्हतं. देवाशपथ नव्हतं. मी तोंड उघडं टाकून बसले होते आणि त्या शांततेत मामींची लेक शिंकली. टरफलांचा धुरळा नाकात गेला असणार. मोठ्यानं, सगळं अंग हलवून शिंकली.

अशा वेळी शिंक! बायकांचे चेहरे उतरले. शुभ काम निघालं असताना शिंकलं तर माणसं परत फिरतात, हे मी त्या गावात पुरतं पाहिलं होतं. मामींच्या हातातली शेंग खाली पडली. लेकीनं दोन्ही हातांनी तोंड दाबून घेतलं आणि पहिल्यांदाच वळून माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे आजही माझ्यासमोर आहेत.

"आणि मूल शिंकलं!" मी ओरडले. "अस्संच! रडायचं सोडून आधी शिंकलं! नाकातलं पाणी उडालं, श्वास मोकळा झाला आणि मग जे भोकाड पसरलं, ते पार सोलापूरच्या रस्त्यापर्यंत ऐकू गेलं!"

मग आजीनं मांडीवर थाप मारली. "व्हय! नाकात पानी अडकतंय कवा कवा. माझ्या हातचंच बाळतपन हाय ते!" आणि ओसरी हसून हसून लोळली. लेक पोट धरून हसत होती, उघड्यावर, सगळ्यांसमोर धरून. वायगोळ्याची गोष्ट त्या दिवशी तिथंच संपली. ती आईला म्हणाली, "जुन्या लुगड्याचं मऊ फडकं हाय का गं? एखादं दुपटं करावं म्हनते."

"आदी शेंगा फोडा!" मामी ओरडल्या. "इतक्या वेळात एक फुटलेली न्हाई!"

मासिकाकडे गोष्ट पाठवली ती शिंकेसकट. तिथून ती परत आली. मला फारसं वाईट वाटलं नाही. ओसरीवर चाललेली गोष्ट होती ती.

आषाढ सरत आला, भुईमुगाला शेंगा धरणाऱ्या आऱ्या सुटल्या. एका सकाळी मी भाकरी थापत असताना भिंतीपलीकडून आरडाओरडा झाला, धावपळ झाली आणि मग एका बाळाचं असं सणसणीत रडणं ऐकू आलं, की माझ्या हातातली भाकरी तव्याऐवजी राखेत पडली. पाठोपाठ भिंतीवर मामींचं डोकं उगवलं. केस सुटलेले, डोळे वाहत होते.

"मास्तरीणबाई! शिंकली! पोरगी शिंकली!"

"मामी, मला रडणं ऐकू आलं की."

"ते मागनं," मामी म्हणाल्या. "आदी शिंकली. आजीला इचारा."

आजीला मी विचारलं नाही. तिनं काय सांगितलं असतं, ते मला ठाऊक होतं. मामींनी भिंतीवरून हात खाली केला आणि माझ्या ओंजळीत गच्च मूठभर शेंगदाणे ओतले. "खावा आता," त्या म्हणाल्या आणि पहाटे पहिली कळ आली तिथपासून सांगायला लागल्या. लेक काय म्हणाली, कंदिलाची काच कशी तडकली, आजी कुणावर ओरडली, मूल किती वेळ निपचित होतं आणि मग नाक कसं हललं. चुलीवर तवा तापत होता, राखेत भाकरी पडलेली. आणि मी भिंतीशी उभी होते, ओंजळ तशीच धरून. त्यातला एक दाणासुद्धा माझ्या तोंडात गेला नाही.