गुणाजीचं ‘तुम्ही’

गुणाजी नौपाड्यातल्या आमच्या वाचनालयात शिपाई होता. राहायला चेंदणी कोळीवाड्यात. वडील खाडीत जाळं टाकत. खाडी काळी झाली, मासळी गेली, तेव्हा हा नोकरीला लागला. शिक्षण चौथीपर्यंत, पण कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात आहे ते न बघता सांगायचा.

एम. ए. होऊन मी १९८७ साली तिथे कारकून म्हणून लागलो. पहिल्याच दुपारी त्याने सुक्या जवळ्याचा डबा माझ्यापुढे सरकवला.

"खा रे. मराठी शिकून आलायस, उपाशी मरशील."

तो सगळ्यांनाच अरे-तुरे करायचा. डॉक्टरांना, अध्यक्षांनाही. त्याच्या घरी आईबापाला तूच म्हणत. अहो-जाहो पाहुण्याला, नाहीतर पोलिसाला.

एकदा निवृत्त मुख्याध्यापक केतकर सर पुस्तक शोधायला कपाटाकडे निघाले. गुणाजी म्हणाला, "तू बस. तुझे गुडघे दुखतात. मी आणतो."

सरांनी लेखी तक्रार केली. कार्यकारिणीने माफीनामा मागितला. पुन्हा असं कानावर आलं तर नोकरी जाईल, असंही सांगितलं. त्याची आई जनाबाई वर्षभर अंथरुणाला होती. तिचं औषधपाणी याच पगारावर चालायचं.

माफीनामा मी लिहिला. ‘माझ्या उद्धट वर्तनाबद्दल.’

"उद्धट म्हंजे?" त्याने विचारलं.

मी अर्थ सांगितला.

"गुडघे दुखतात बोललो, ते?"

मी पेन पुढे केलं. त्याने सही केली.

मग रोज दुपारी, वाचनालय बंद असताना, आम्ही सराव करायचो. मी केतकर सर होऊन खुर्चीत बसायचो.

"तू बसा."

"तुम्ही बसा."

"तुम्ही बसा. अरे, तुला हाकलतोय असं वाटतं मला."

तरी जीभ घसरायची. एकदा अध्यक्षांसमोर थोडक्यात वाचला. तेव्हा मीच म्हणालो, "घरीही ‘तुम्ही’ म्हणत जा. सवय होईल."

पुढचं त्याच्या बायकोने, मालूने, मला नंतर सांगितलं. त्या संध्याकाळी तो पेज घेऊन आईजवळ बसला आणि म्हणाला, "तुम्ही पेज घ्या."

जनाबाई त्याच्याकडे बघत राहिली. मग मालूला म्हणाली, "मी जड झाली कं याला?"

"तसं नाय, बय," गुणाजी म्हणाला. "कामावर लागतं. सराव करतोय."

"बरं," ती म्हणाली. "करा."

आपल्या मुलाला, ‘करा’.

त्यानंतर तो पुन्हा तू म्हणू लागला. दहादा समजावलं. तिने ऐकून घेतलं. पण त्याच्याकडे तिने काही मागितलं नाही. पाणीसुद्धा मालूकडेच मागायची. नवव्या दिवशी गेली.

मी कोळीवाड्यात गेलो तेव्हा तो ओट्यावर बसला होता. डोकं भादरलेलं. काय बोलायचं ते मी वाटेत ठरवलं होतं.

तो उठला. आतून चटई आणून अंथरली. चेहऱ्यावर राग नव्हता.

"या," तो म्हणाला. "तुम्ही बसा."

मी बसलो.